लॉकेटची झोप

ऑफिसात तिला पानवाली म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की पानवाली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी गळ्यात घालायचं एक लॉकेट तिने डिझाइन केलं होतं, आणि त्यावर पर्यावरण-तपासणीवाल्यांचं हिरवं पान, म्हणजे पसंतीचं चिन्ह, मिळवून दाखवीन असं तिने एकदा डबा खाताना जाहीर केलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. ज्या गोष्टीचा अभिमान आहे तिच्यावरूनच कुणी चिडवलं, तर माणूस वरवर रागावतो आणि आतल्या आत ती रक्कम जमा करून घेतो.

लॉकेट गुणी होतं, यात वाद नाही. माणूस पडला की धक्क्यावरून त्याला कळायचं. मग ते थोडा वेळ वाट पाहायचं. माणूस उठून उभा राहिला तर ठीक; नाही राहिला, तर मुलांच्या फोनवर बोंब ठोकायचं. ही वाट पाहणं गरजेचं होतं. म्हातारी माणसं लॉकेट बेसिनमध्ये पाडतात, खुर्चीत धपकन बसतात. दर वेळी मुलगा काम टाकून धावत आला, तर चार दिवसांत तोच ते लॉकेट खिडकीबाहेर भिरकावेल. समोर एक बटणही होतं, पण झोपेत दाबलं जाऊ नये म्हणून चांगलं खोल बसवलेलं.

आणि हिरवेपणात तर कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. कवच एरंडाच्या तेलापासून केलेल्या प्लास्टिकचं. आत कुठे डिंक नाही. खाचेत नाणं घालून फिरवलं की सगळे भाग शेंगेतल्या दाण्यांसारखे सुटे. शाई लागलेलं प्लास्टिक पुन्हा वितळवताना त्रास देतं, म्हणून कवचावर शाईचा थेंबही नाही. पानाचं चिन्हसुद्धा तिने छापलं नव्हतं. मागच्या बाजूला, छातीला टेकेल तिथे, मिळणारच या भरवशावर आधीच उठावाचं करून घेतलं होतं. कुणी भेटायला आलं की ती त्या पानावरून त्याचं बोट फिरवून घ्यायची. एका पाहुण्याने नम्रपणे विचारलंही होतं, "हे दाबायचं असतं का?"

अडलं होतं ते बॅटरीपाशी. पान हवं असेल तर एका छोट्या बॅटरीवर लॉकेटने पाच वर्षं काढली पाहिजेत, अशी तपासणीवाल्यांची अट. साहेबांनी हिशेब स्वच्छ मांडला होता. "पान मिळालं तर वृद्धाश्रमांची मोठी मागणी आपल्याकडे येते. नाही मिळालं तर तुमचा विभाग बंद. मग तुम्ही सगळे मोकळे." मोकळे हा शब्द त्यांनी अशा सुरात उच्चारला, की जणू सुट्टीच देत होते.

बॅटरीचं काम चिक्कूकडे होतं. चिक्कू म्हणजे फळ नव्हे. हा माणूस खोलीतून शेवटचा बाहेर पडताना दिवे घालवायचा, आणि कधीकधी शेवटचा नसतानाही. विजेचा कण वाया गेला तर त्याच्या जिवाला लागायचं. असा माणूस घरात असला तर घरच्यांना वैताग, पण हिरव्या पानाच्या मागे लागलेल्या विभागात त्याला देवासारखा मान.

"हे दिवसभर जागं राहून करतं काय?" त्याने लॉकेट तळहातावर घेऊन विचारलं. "माणूस हलत नसेल तेव्हा यालाही झोपवू. माणूस हलला की उठेल."

"आणि श्वासाने हललं तर?"

"श्वासाला हालचाल धरायचीच नाही. नाहीतर म्हातारा घोरणार आणि हे त्याच्या उराशी रात्रभर जागरण करणार."

"किती वेळाने झोपवायचं?"

"जितक्या लवकर झोपेल तितकं जास्त जगेल."

"मग तू शंभरी गाठणार," ती म्हणाली.

चिक्कूने झोपेची वेळ अलीकडे ओढली. बॅटरी चार वर्षांवर आली. आणखी ओढली, पाच वर्षं भरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी स्वतःच्या खिशातून पेढे नाहीत, पण शब्द वाटले. एवढ्या आनंदात एक गोष्ट कुणी ताडून पाहिली नाही. पडल्यानंतर किती वेळ वाट पाहायची, ते तिच्या टेबलावर ठरलं होतं. न हलल्यास किती वेळात झोपायचं, ते चिक्कूच्या टेबलावर. दोन टेबलं इतकी जवळ, की दोघं एकमेकांचा चार्जर न विचारता घ्यायची. पण आता झोपेची वेळ वाट पाहण्याच्या वेळेपेक्षा लहान झाली होती. म्हणजे माणूस पडून निपचित राहिला, तर लॉकेट वाट पाहता पाहता झोपी जाणार, आणि झोपलं की तो पडला होता हेही विसरणार. उठलेल्या माणसासाठी ते जागं होतं. उठू न शकणाऱ्यासाठी झोपलेलं.

चाचणीत हे कसं दिसलं नाही? कारण चाचणी ऑफिसातल्या माणसांनीच केली. मागच्या खोलीत गादी टाकून एकेकाने पडायचं. वर्षभरात एवढी मजा त्या ऑफिसात झाली नसेल. हिशेबनीस बाई अशा पडल्या की सगळे पोट धरून हसले, आणि पडलेल्या त्याही हसत होत्या. गदगदणाऱ्या पोटावर लॉकेट टक्क जागं राहिलं आणि वेळेवर ओरडलं. प्रत्येक वेळी. निकाल: शंभर टक्के.

आता तिच्या बाबांचं. बाबा निवृत्त तिकीट तपासनीस. आयुष्य गाडीत उभ्याने काढलं, त्यामुळे बसून राहणाऱ्यांविषयी त्यांच्या मनात एक कायमचा संशय. आई गेल्यावर ती म्हणाली होती, "बाबा, आता आमच्याकडे चला." बाबा म्हणाले होते, "तुझ्या नवऱ्याला माझा खोकला सोसवेल, पण मला त्याचं गाणं सोसवणार नाही." जावई न्हाणीघरात गायचा. तो खरंच वाईट गायचा, म्हणून या मुद्द्यावर तिला काही बोलता येईना.

शेवटी सौदा ठरला. चाचणीसाठी बाहेर दिलेल्या लॉकेटांपैकी एक बाबांनी गळ्यात घालायचं. ते गळ्यात असेपर्यंत बाबा आपल्या घरात राहतील. एक दिवस जरी काढलं, तरी सामान बांधून लेकीकडे.

"अंघोळीतसुद्धा?"

"अंघोळीत तर नक्कीच. पाणी जात नाही त्यात."

"म्हणजे तुझी आई पन्नास वर्षं जे करू शकली नाही ते तू केलंस," बाबा म्हणाले. "गळ्यात घंटा बांधलीस." पण बांधून घेतली. आपलं घर, आपली खुर्ची, आपल्या खिडकीतला रस्ता, या सगळ्याच्या बदल्यात एवढा दोरा त्यांना महाग वाटला नाही.

बाबा पडले ते न्हाणीघरातच, संध्याकाळी. बादली भरायला नळ सोडला, पाय सरकला, आणि ते तोंडावर आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं, उजवा हात अंगाखाली अडकला, लॉकेट छाती आणि फरशी यांच्यामध्ये. बटणापर्यंत बोट पोचणं शक्य नव्हतं. नळ वाहत राहिला. विजेचा कण कण वाचवणाऱ्या त्या लॉकेटच्या शेजारून रात्रभर पाणी वाहून गेलं, आणि सकाळी ते खालच्या मजल्यावरच्या बाईच्या छतातून तिच्या धुतलेल्या कपड्यांवर टपकायला लागलं. ती वर आली ती भांडायला. बाबा वाचले ते तिच्या तापट स्वभावामुळे. एखादी शांत बाई असती तर तिने खाली बादली लावली असती.

लेकीला फोन आला तो लॉकेटचा नव्हे, त्या बाईचा.

दवाखान्यात बाबांनी तिला बोलायला अवसरच दिला नाही. "माझी चूक," ते म्हणाले. "लॉकेट काढून हुकाला लावलं होतं. साबण लागतो."

"मी सांगितलं होतं ना, बाबा!"

"सांगितलं होतंस. सौदा मोडला मी. किल्ली घे."

शर्टाच्या खिशातली किल्ली त्यांनी स्वतः काढून दिली. खालच्या बाईनेही मान डोलावली. लॉकेट हुकालाच होतं, म्हणाली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या भांडणात न पडता एखादी गोष्ट मान्य केली असेल. लेकीला राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी थोडं हायसंही वाटलं. बाप हट्टी निघाला याचं दुःख होतं, पण लॉकेट खोटं निघालं नाही, हे दुसऱ्या बाजूला आपोआप लिहिलं गेलं. अशा नोंदी माणूस करत नाही, त्या होतात.

दोन दिवसांनी नर्सने त्यांचं अंग पुसायला घेतलं. लेक शर्टाची बटणं लावायला पुढे झाली, आणि थांबली. छातीच्या मध्यावर काळंनिळं एक वर्तुळ होतं. त्यात देठ. त्यात मधली शीर, आणि दोन्ही बाजूंना तिरप्या बारीक शिरा.

"बाबा, लॉकेट हुकाला होतं ना?"

"हो."

"मग हे काय?"

बाबांनी हनुवटी टेकवून पाहायचा प्रयत्न केला. "डास चावला असेल."

"डासाला पान काढता येतं?"

"इथले डास शिकलेले आहेत," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड वळवलं. जन्मभर त्यांनी लोकांच्या थापा पकडल्या होत्या. तिकीट हरवलं, तिकीट बायकोकडे आहे, तिकीट वाऱ्याने उडालं. थाप कुठे फाटते ते त्यांना कळत होतं, म्हणून आणखी ताणली नाही.

खालच्या बाईला फोन लावल्यावर तिने कबूल केलं. "माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीने मी दार उघडून आत गेले, तर पहिलं हेच म्हणाले. आधी हे गळ्यातलं काढा, हुकाला लावा, मग अँब्युलन्स. मी म्हटलं, अहो आजोबा, जीव महत्त्वाचा की हुक? तर म्हणाले, पोरीची नोकरी आहे त्यात."

ती ऑफिसात गेली आणि थेट चिक्कूच्या टेबलाशी उभी राहिली. दोन्ही वेळा कागदावर एकाखाली एक लिहिल्या. चिक्कूने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्याने टेबलावरचा दिवा लावला, भर दुपारी.

"झोपेची वेळ वाढव," ती म्हणाली.

"वाढवतो. बॅटरी तीन वर्षांवर येईल."

"येऊ दे."

"पान जाईल."

"जाऊ दे, म्हटलं ना."

"तू म्हणतेस," चिक्कू हळू आवाजात म्हणाला, "पण साहेबांना सांगणार कोण?"

साहेबांनी मीटिंगच्या खोलीत शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणा हे त्यांचं भांडवल होतं. मग त्यांनी सगळ्यांसमोर बाबांना फोन लावला, तब्येतीची चौकशी केली, आणि विचारलं. फोनमधून बाबांचा आवाज खणखणीत आला: "गळ्यात नव्हतं हो. पोरगी हळवी आहे, मनाला लावून घेते."

"बघा," साहेब म्हणाले. "आता वडिलांनाच खोटं पाडणार का, मॅडम?"

ती उठली. टेबलावरचं एक लॉकेट गळ्यात घातलं, त्याला जोडलेला फोन साहेबांच्या पुढ्यात ठेवला, आणि खुर्चीमागे जाऊन सरळ अंग टाकून दिलं. धप्पकन आवाज झाला. हिशेबनीस बाईंनी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ती पालथी पडून राहिली. गाल सतरंजीला. तिथून तिला फक्त टेबलाचे पाय दिसत होते आणि माणसांचे. साहेबांचा एक मोजा उलटा होता. वाट पाहायची वेळ संपली. फोन वाजला नाही. आणखी काही वेळ गेला. तरी नाही.

"मुद्दाम पडल्या म्हणून असेल," कुणीतरी म्हणालं.

"धक्का कमी बसला."

"वजन कमी आहे मॅडमचं."

"धक्का नोंदला होता," चिक्कू म्हणाला. त्याचा आवाज तिला खालून ओळखू आला नाही. "नोंदला, आणि झोपलं."

मग साहेबांच्या बुटांनी टेबलाखाली एकमेकांना घासलं. "पण इतकं निश्चल पडतं कोण?" ते म्हणाले. "पडलेला माणूस थोडा तरी वळवळणार. हात हलवेल, पाय हलवेल. तेवढ्याने हे जागं राहतं ना?"

"राहतं," चिक्कू म्हणाला.

"मग झालं तर! पुस्तिकेत एक ओळ घाला. पडल्यावर वापरकर्त्याने हालचाल करत राहावे. पानालाही धक्का नाही, विभागालाही नाही." साहेबांच्या आवाजात उत्साह आला होता. "मॅडम, उठा आता. सतरंजी झाडलेली नाहीये."

ती उठली. ओळ तिच्या संमतीशिवाय छापता येत नव्हती. डिझाइन तिच्या नावावर होतं. साहेबांनी उद्यापर्यंत वेळ दिला, आणि दाराशी येऊन मायेने म्हणाले, "चार घरं आहेत या विभागावर. तुमच्या वडिलांनासुद्धा हे कळलं."

दवाखान्यातून घरी आणलेले बाबा तिच्या मुलीच्या खोलीत होते, कमरेखाली उशा रचून. जावयाने गाणं बंद केलं होतं. घरात त्यामुळे एक प्रकारची सुतकी शांतता. तिने पलंगाच्या कडेला बसून त्यांना सगळं सांगितलं. ओळ तर दोनदा म्हणून दाखवली. बाबा छताकडे पाहत राहिले.

"छापणार?"

"मी हो म्हटलं तर."

"आणि नाही म्हटलंस तर?"

"तपासणीवाल्यांना मी स्वतः कळवीन. पण तुम्ही म्हणताय गळ्यात नव्हतं. मग माझं कोण ऐकणार?"

बाबांनी हात पुढे केला, तळवा वर. "किल्ली दे."

"बाबा, तुम्हाला उठून बसता येत नाहीये."

"ते मला माहीत आहे. सौदा काय होता? गळ्यात असेपर्यंत घर माझं. गळ्यात होतं. मी सौदा पाळला. किल्ली दे, मग लाव त्याला फोन."

तिने पर्समधून किल्ली काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली. ती मूठ घेऊन ते कुठे जाणार नव्हते, हे दोघांना कळत होतं. तिने साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा करून बाबांच्या छातीवर ठेवला.

"मघाशी मी खोटं बोललो," बाबा म्हणाले. "लॉकेट गळ्यात होतं. पडलो तेव्हाही, सकाळीही. ते वाजलं नाही. छातीवर वळ आहे, हवा तर फोटो पाठवतो. लेकीला खोटं पाडू नका."

पलीकडे साहेबांनी खोकून घसा मोकळा केला. "बरं, बरं. फार वाईट झालं, आजोबा. फक्त एक विचारू? तुम्ही बेशुद्ध होतात का?"

"नाही."

"मग हात-पाय हलवता येत होते?"

"डावा हात येत होता. पायही, एक."

"मग हलवले नाहीत तुम्ही? रात्रभर?"

"नाही."

"का बरं?"

"स्वस्थ पडून राहायचं, असं सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "पडलात तर उगाच धडपडू नका, हाड आणखी बिघडेल, नुसतं पडून राहा, त्याला कळतं, ते मला बोलावील. म्हणून नाही हललो. मुंग्या आल्या तरी नाही हललो. म्हटलं, आता वाजेल."

खोलीत ती जिथे बसली होती तिथून हलली नाही. दोरा गळ्यात बांधताना बोललेलं तिचंच वाक्य होतं ते, शब्दन् शब्द.

"हे तर आमच्या सूचनांत कुठेच नाही," साहेबांचा आवाज एकदम ताठ झाला. "असं तुम्हाला सांगितलं कुणी, आजोबा? नाव सांगा."

बाबांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. या माणसाला चाळीस वर्षांपूर्वी विनातिकीट सापडलेल्यांचे चेहरे आठवत होते, कोण कुठल्या स्टेशनावर उतरला तेही.

"नाव नाही आठवत," ते फोनमध्ये म्हणाले. "वय झालं आता."